किरकोळ गुन्हा, पण सही किरकोळ नाही

गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये एका रात्री साडेदहाला फोन वाजला. आमच्याच विद्यापीठात मास्टर्स करणारी, साताऱ्याकडची एक ज्युनियर मुलगी. आवाज बसलेला. "ताई, एक विचारायचं होतं. घरी सांगू नकोस कुणाला."

झालं होतं ते असं. सेल्फ-चेकआउटवर सामान स्कॅन करताना पिशवीतल्या तीन वस्तू स्कॅन व्हायच्या राहिल्या. किंमत सगळी मिळून चाळीस डॉलरच्या आसपास. दारात सुरक्षा रक्षकाने थांबवलं, आतल्या खोलीत बसवलं, पोलीस आले. ठाण्यावर बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला आणि कोर्टाची तारीख हातात देऊन सोडून दिलं. कागदावर लिहिलं होतं: चोरी, मिसडिमीनर.

ती म्हणाली, "मी ठरवलंय. तारखेला जाऊन कबूल करते, दंड भरते आणि विषय संपवते. वकील कशाला? उगाच वाढायचं प्रकरण."

खरं सांगते, माझ्याही तोंडावर पहिल्यांदा हेच आलं होतं. आपण ज्या घरांत वाढलो तिथे 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे वाक्य बाराखडीबरोबर शिकवतात. सिग्नल तोडला, पावती फाडली, मोकळे. पण अमेरिकेत 'दंड भरून मोकळं होणं' हे बऱ्याचदा मोकळं होणं नसतंच. या विषयावर गेल्या दहा-पंधरा वर्षांत फार चांगलं संशोधन झालं आहे. मी बायोस्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करते, म्हणजे रोजचं काम हॉस्पिटलच्या डेटाशी, कोर्टाशी नाही. पण त्या रात्रीनंतर मी हे पेपर वाचायला घेतले आणि लक्षात आलं की यातली संख्याशास्त्राची युक्ती तीच आहे जी आम्ही औषधांच्या अभ्यासात वापरतो. म्हणून हा लेख.

आधीच सांगते, मी वकील नाही. हा कायदेशीर सल्ला नाही. वकील का हवा हे आकडे काय सांगतात, एवढंच मी सांगणार आहे.

मिसडिमीनर म्हणजे नक्की काय?

अमेरिकेत गुन्ह्यांची ढोबळ विभागणी दोन भागांत होते. मोठे ते फेलनी, लहान ते मिसडिमीनर. बहुतेक राज्यांत मिसडिमीनरला जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा असते, तीही राज्याच्या मोठ्या तुरुंगात नव्हे, काउंटीच्या स्थानिक तुरुंगात. त्याखाली साध्या पार्किंगच्या किंवा वेगाच्या दंडासारख्या गोष्टी येतात, त्या बहुतेक ठिकाणी गुन्हा या सदरात मोडत नाहीत.

प्रत्येक राज्याचा हिशोब वेगळा. टेक्सासचं उदाहरण घेऊ. तिथे १०० डॉलरपेक्षा कमी किमतीची चोरी 'क्लास सी', म्हणजे फक्त ५०० डॉलरपर्यंत दंड. १०० ते ७५० डॉलरची चोरी 'क्लास बी', म्हणजे १८० दिवसांपर्यंत तुरुंग. ७५० ते २,५०० डॉलरपर्यंत 'क्लास ए', म्हणजे एक वर्षापर्यंत तुरुंग. त्याच्या वर गेलं की फेलनी.

नेहमी दिसणारे आरोप कोणते? दुकानातली छोटी चोरी. दारू पिऊन गाडी चालवणं. लायसन्स रद्द किंवा निलंबित असताना गाडी चालवणं. दुसऱ्याच्या जागेत विनापरवानगी शिरणं. सार्वजनिक ठिकाणी गोंधळ घालणं. साधी मारहाण, त्यात घरगुती भांडणही आलं. थोडासा गांजा जवळ बाळगणं. यादी वाचून लक्षात येईल की यातल्या दोन-तीन गोष्टी सभ्य, अभ्यासू, कधी कुणाच्या वाटेला न जाणाऱ्या माणसाच्या हातूनही एखाद्या वाईट रात्री होऊ शकतात.

दारूचंच घ्या. भारतात मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल, म्हणजे ०.०३ टक्के. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ०.०८, युटामध्ये ०.०५. म्हणजे इथली मर्यादा उलट सैल आहे. पण इथे बस नाही, रिक्षा नाही, पार्टी संपल्यावर माणूस स्वतःच्या गाडीनेच घरी जातो. आणि मर्यादेच्या आत असूनही गाडी नीट चालवता येत नसेल तर आरोप लागू शकतो.

आणि हे दुर्मीळ नाही. मेगन स्टीव्हनसन आणि सँड्रा मेसन या दोन अभ्यासकांनी २०१८ मध्ये राज्याराज्यांतून आकडे गोळा करून अंदाज काढला: अमेरिकेत वर्षाला सुमारे १.३२ कोटी मिसडिमीनर खटले दाखल होतात. सिनेमात दिसणारे खुनाचे खटले अपवाद. अमेरिकेतलं रोजचं कोर्ट म्हणजे हे.

तीन मिनिटांचं कोर्ट

एवढे खटले चालवायचे कसे? उत्तर सोपं आहे. चालवायचेच नाहीत, कबुली घ्यायची. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एका निकालात नोंदवलं की केंद्रीय कोर्टांतल्या ९७ टक्के आणि राज्य कोर्टांतल्या ९४ टक्के दोषसिद्धी आरोपीच्या कबुलीतून येतात. सरकारी वकील म्हणतो, गुन्हा कबूल कर, मी कमी शिक्षा मागतो. हा सौदा.

फ्लोरिडातल्या मिसडिमीनर कोर्टांत प्रत्यक्ष बसून केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नावच 'तीन मिनिटांचा न्याय'. आरोपीची पहिली हजेरी सरासरी तीन मिनिटांहूनही कमी चालते, असं त्यात आढळलं. जवळजवळ दोन तृतीयांश लोक वकिलाशिवाय उभे होते. आणि सुमारे ७० टक्के लोकांनी त्याच पहिल्या हजेरीत कबुली दिली किंवा 'आमचं काही म्हणणं नाही' असं सांगून विषय सोडला.

तीन मिनिटं. आपण दुकानात कांदे निवडायला याहून जास्त वेळ घेतो.

आधी प्रश्न नीट विचारू या

आता इथे कुणीही म्हणेल, "अहो, कबुली दिली म्हणजे गुन्हा केलाच असेल. त्यात वकील काय करणार?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नुसती टक्केवारी मांडून मिळत नाही.

माझ्या कामातलं उदाहरण देते. हॉस्पिटलात भरती झालेले लोक घरी असलेल्या लोकांपेक्षा जास्त मरतात. म्हणून हॉस्पिटल माणसं मारतं, असं म्हणायचं का? नाही, कारण जे आधीच जास्त आजारी आहेत तेच भरती होतात. दोन गट मुळातच वेगळे. याला आम्ही सिलेक्शन बायस म्हणतो. मराठीत 'निवडीतला कल' म्हणू या.

कोर्टातही तेच. जामीन न मिळालेले लोक जास्त दोषी ठरतात, हे दिसतं. पण कदाचित त्यांच्याविरुद्धचा पुरावाच भक्कम असेल. ज्यांच्याकडे चांगला वकील ते सुटतात, हेही दिसतं. पण कदाचित त्यांच्याकडे पैसा, नोकरी, कुटुंब सगळंच असेल. मग वकिलाचा स्वतःचा असा परिणाम किती, हे कसं ओळखायचं?

औषधाच्या चाचणीत आम्ही नाणं उडवतो. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना साखरेची गोळी. माणसांना मात्र नाणं उडवून तुरुंगात टाकता येत नाही. म्हणून संशोधक असे प्रसंग शोधतात जिथे परिस्थितीनेच आपोआप नाणं उडवलेलं असतं. याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात.

ह्यूस्टनचा वार

हॅरिस काउंटी म्हणजे टेक्सासमधलं ह्यूस्टन आणि परिसर. पॉल हीटन, सँड्रा मेसन आणि मेगन स्टीव्हनसन यांनी तिथल्या २००८ ते २०१३ मधल्या लाखो मिसडिमीनर खटल्यांचा अभ्यास केला आणि तो २०१७ मध्ये 'स्टॅनफर्ड लॉ रिव्ह्यू'मध्ये छापून आला.

त्यांनी पकडलेलं नैसर्गिक नाणं म्हणजे वार! जामिनाची रक्कम ठरली की पैसे कुणीतरी आणून भरायचे असतात. सुनावणी शनिवार-रविवारच्या तोंडावर आली तर नातेवाइकांच्या हातात पगार आलेला असतो, सुट्टी असते, धावपळ करता येते. आठवड्याच्या सुरुवातीला तेच कठीण. म्हणजे सारखाच आरोप, सारखाच माणूस, पण कुठल्या वारी सुनावणी आली यावर तो बाहेर येणार की आत राहणार हे थोडंफार ठरतं. आणि वाराचा पुराव्याच्या भक्कमपणाशी काही संबंध नसतो. इथेच आमच्यासारख्यांचे डोळे चमकतात.

निष्कर्ष असे निघाले. आत राहिलेल्या माणसाने गुन्हा कबूल करण्याची शक्यता त्याच्यासारख्याच बाहेर आलेल्या माणसापेक्षा २५ टक्के जास्त. तुरुंगाची शिक्षा होण्याची शक्यता ४३ टक्के जास्त. आणि शिक्षेची लांबी सरासरी दुपटीहून जास्त.

हे '२५ टक्के जास्त' नीट वाचा हं, यात खूप लोक फसतात. समजा बाहेर असलेल्या १०० पैकी ४० जण कबूल करतात. तर तसेच १०० जण आत असते तर ५० कबूल करतील. म्हणजे ते जास्तीचे १० लोक अपराध केला म्हणून कबूल करत नाहीयेत, आत आहेत म्हणून कबूल करत आहेत. कारण सौदा असा असतो: आज कबूल करशील तर जेवढे दिवस आत काढलेस तीच शिक्षा, संध्याकाळी घरी. लढायचं असेल तर पुढची तारीख येईपर्यंत आतच. नोकरी जाईल, घरभाडं थकेल. अशा वेळी निर्दोष माणूसही सही करतो.

याच काउंटीविरुद्ध झालेल्या खटल्यात २०१७ मध्ये केंद्रीय न्यायाधीश ली रोझेंथल यांनी तिथली मिसडिमीनर जामिनाची पद्धत घटनाबाह्य ठरवली आणि २०१९ मध्ये तडजोडीने ती बदलली गेली.

वकील नुसता उभा राहिला तरी

आता मुख्य मुद्दा. वकिलाने फरक पडतो का?

पेन्सिल्व्हेनियामधल्या ॲलेगेनी काउंटीत, म्हणजे पिट्सबर्गमध्ये, शमेना अन्वर, शॉन बुशवे आणि जॉन एंगबर्ग यांनी प्रत्यक्ष प्रयोग केला. तो २०२३ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये आला. जामिनाच्या पहिल्या सुनावणीला काही पाळ्यांना पब्लिक डिफेंडर, म्हणजे सरकारी खर्चाने मिळणारा बचावाचा वकील, हजर ठेवला आणि काही पाळ्यांना नाही. कोण कुठल्या पाळीत पकडलं जाईल हे कुणी ठरवत नाही. पुन्हा नाणं.

वकील हजर असताना पैशांचा जामीन कमी वेळा लावला गेला आणि कमी लोक तुरुंगात राहिले. आणि पुढच्या तारखेला गैरहजर राहणाऱ्यांचं प्रमाण वाढलं नाही. म्हणजे 'सोडलं की पळून जातील' ही भीती खरी ठरली नाही.

पण संशोधन सांगायचं तर दोन्ही बाजू सांगायला हव्यात. या प्रयोगात चोरीच्या आरोपाखाली पुन्हा अटक होण्याचं प्रमाण थोड्या काळासाठी वाढलेलं दिसलं. संशोधकांनी ते लपवलं नाही. त्यांनी हिशोब मांडला: एका चोरीचं नुकसान एका माणसाच्या एका दिवसाच्या कैदेच्या खर्चापेक्षा निदान साडेआठ पट धरलं, तरच हा व्यवहार समाजाला तोट्याचा ठरेल. पटेल न पटेल, पण आकडा समोर ठेवला आहे.

त्याच पेपरमध्ये एक वाक्य आहे जे वाचून मी थबकले. अमेरिकेतल्या साधारण निम्म्या काउंट्यांमध्ये जामिनाच्या सुनावणीला वकील दिलाच जात नाही.

एक नोंद काय करते

तिसरा अभ्यास बॉस्टनचा. अमांडा एगन, जेनिफर डोलियाक आणि ॲना हार्वी यांचा, २०२३ मध्ये 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये आलेला. तिथे खटला चालवायचा की सोडून द्यायचा हे सरकारी वकील ठरवतात. काही वकील कडक, काही सौम्य, आणि कुणाची फाइल कुणाकडे जाईल हे जवळजवळ नशिबावर. इथे वकिलाचा स्वभाव हेच नाणं.

अहिंसक मिसडिमीनरमध्ये ज्यांच्यावर खटला चालवला नाही, त्यांच्यावर पुढच्या दोन वर्षांत नवा गुन्हा दाखल होण्याची शक्यता ५३ टक्क्यांनी कमी झाली. आणि हा परिणाम सर्वांत जास्त कुणावर? ज्यांची आधीची काहीच नोंद नव्हती त्यांच्यावर.

इथे एक सावधगिरी. हा आकडा सगळ्या आरोपींचा नाही. तो सीमेवरच्या लोकांचा आहे, म्हणजे ज्यांच्या बाबतीत कडक वकिलाने खटला चालवला असता आणि सौम्य वकिलाने सोडलं असतं. पण आपण ज्या लोकांबद्दल बोलतोय, पहिल्यांदाच चुकलेले, छोटा आरोप असलेले, ते नेमके सीमेवरच असतात. आणि सीमेवरच्या माणसाला कुठल्या बाजूला ढकललं जातं हे बऱ्याचदा त्याच्या बाजूने कुणी बोललं की नाही यावर ठरतं.

वकील हक्काने मिळतो का?

थोडं हो, थोडं नाही. १९७२ मध्ये 'आर्गरसिंगर विरुद्ध हॅमलिन' या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गुन्हा कितीही लहान असो, वकिलाशिवाय कुणालाही तुरुंगात टाकता येणार नाही. आर्गरसिंगरला फ्लोरिडात लपवून शस्त्र बाळगल्याबद्दल वकिलाविना ९० दिवस झाले होते.

पण १९७९ मध्ये 'स्कॉट विरुद्ध इलिनॉय' आला. ऑब्री स्कॉटवर आरोप होता दुकानातून १५० डॉलरपेक्षा कमी किमतीचा माल उचलल्याचा. कायद्यात एक वर्षापर्यंत तुरुंग शक्य होता, पण प्रत्यक्षात ५० डॉलर दंड झाला. कोर्ट म्हणालं, प्रत्यक्ष तुरुंगवास झाला नाही, त्यामुळे मोफत वकील देण्याचं घटनात्मक बंधन नाही. काही राज्यं स्वतःहून जास्त देतात. पण देशपातळीवरची किमान रेषा हीच. म्हणजे 'फक्त दंड' असलेल्या खटल्यात तुम्हाला मोफत वकील मिळेलच असं नाही. आणि मिळतो तोही उत्पन्न कमी असेल तर.

तुलनेसाठी सांगते, भारतात १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेले लोक यांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. आपल्याकडे कागदावर हक्क मोठा आहे, तो माहीत असलेले लोक कमी.

आपल्यासारख्यांसाठी वेगळा हिशोब

आता त्या साताऱ्याच्या मुलीकडे परत येऊ. ती अमेरिकन नागरिक नाही, विद्यार्थी व्हिसावर आहे. इथे सगळं गणित बदलतं.

पहिली गोष्ट, 'दोषी' या शब्दाचा इमिग्रेशन कायद्यातला अर्थ. काही राज्यांत असं होतं की तुम्ही कबुली देता, न्यायाधीश काही अटी घालतात, त्या पूर्ण केल्या की केस काढून टाकतात. राज्याच्या दृष्टीने तुम्ही दोषी नाही. पण इमिग्रेशनच्या दृष्टीने कबुली आणि त्यासोबत काहीतरी शिक्षा किंवा बंधन एवढं असलं की ती दोषसिद्धीच! राज्याने पाटी पुसली, तरी केंद्राच्या वहीत अक्षर राहतं.

दुसरी गोष्ट, चोरी. चाळीस डॉलरची असली तरी चोरी साधारणपणे 'नैतिक अधःपतनाचा गुन्हा' या वर्गात धरली जाते. अमेरिकेत प्रवेश मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत असा गुन्हा केला आणि त्या गुन्ह्याला एक वर्ष किंवा जास्त शिक्षा होऊ शकत असेल, तर माणूस देशाबाहेर काढला जाऊ शकतो. शब्द नीट बघा: 'झाली असेल' नव्हे, 'होऊ शकत असेल'. प्रत्यक्षात एक दिवसही तुरुंग झाला नसला तरी.

म्हणूनच कॅलिफोर्नियाने २०१५ पासून मिसडिमीनरची कमाल शिक्षा ३६५ दिवसांवरून ३६४ केली. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये तेच केलं. एक दिवस! त्या एका दिवसावर माणसाचं इथलं राहणं अवलंबून असू शकतं. हे आपल्याला तीन मिनिटांच्या हजेरीत कोण सांगणार?

तिसरी गोष्ट, गांजा. कितीतरी राज्यांत तो कायदेशीर आहे, दुकानं आहेत, पाट्या आहेत. पण केंद्रीय कायद्यात नाही, आणि इमिग्रेशन केंद्राच्या हातात आहे. 'इथे चालतं की' हे वाक्य आपल्याला लागू नाही.

चौथी, दारू पिऊन गाडी. यात दोषी ठरण्याचीही गरज नाही, नुसती अटक झाली तरी परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं.

२०१० मध्ये 'पडिला विरुद्ध केंटकी' या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कबुलीमुळे देशाबाहेर जावं लागू शकतं हे आरोपीला सांगणं हे वकिलाचं कर्तव्य आहे. पडिला चाळीस वर्षांहून जास्त काळ कायदेशीरपणे अमेरिकेत राहत होता, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, आणि त्याच्या वकिलाने 'काळजी करू नकोस' असं सांगितलं होतं. पण गंमत बघा. हे कर्तव्य वकिलाचं आहे. वकीलच नसेल तर ते पाळणार कोण?

आणि २०२५ चा वसंत आमच्यापैकी कुणी विसरणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी अचानक बंद केल्या गेल्या. पोलिसांच्या डेटाबेसशी नावं जुळवून. त्यात असेही होते ज्यांच्या केसेस कधीच निकालात निघाल्या होत्या, किंवा विषय फक्त वाहतुकीचा होता. कोर्टात दावे झाले आणि एप्रिलच्या शेवटी सरकारने नोंदी परत चालू करायला घेतल्या. पण ज्यांच्याकडे वकील आणि निकालाची प्रमाणित प्रत होती त्यांची झोप थोडी कमी उडाली, एवढं नक्की.

मग करायचं काय?

वाचलेल्यावरून आणि पाहिलेल्यावरून सांगते.

पोलिसांशी नम्र राहा, नाव-ओळख द्या, पण प्रसंगाचं स्पष्टीकरण देत बसू नका. गप्प राहण्याचा आणि वकील मागण्याचा हक्क आहे. 'मला वकिलाशी बोलायचं आहे' एवढं स्पष्ट वाक्य पुरतं. आपल्याला लहानपणापासून सवय असते, खरं सांगितलं की सोडतील. इथे सांगितलेलं प्रत्येक वाक्य कागदावर जातं.

पहिल्या हजेरीत 'नॉट गिल्टी' म्हणणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की 'सिद्ध करा'. त्याने वेळ मिळतो, आणि वेळात वकील पुरावा मागवू शकतो.

तारीख चुकवू नका. तारखेला न जाणं हा बऱ्याच ठिकाणी वेगळा गुन्हा आहे आणि अटकेचं वॉरंट निघतं.

दुकानाच्या वकिलाकडून पैसे मागणारं पत्र येऊ शकतं. ते दिवाणी प्रकरण. ते पैसे भरले म्हणून फौजदारी केस बंद होत नाही. अनेकांची इथे गल्लत होते.

नागरिक नसाल तर फौजदारी वकिलाला पहिल्याच भेटीत व्हिसा सांगा आणि इमिग्रेशनच्या वकिलाशीही बोलणं करवा. पैसे नसतील तर पब्लिक डिफेंडर मागा. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी कायदेशीर मदतीचं कार्यालय असतं आणि त्याची फी आपण दर सेमिस्टरला नकळत भरत असतो. परदेशी नागरिकाला अटक झाली तर आपल्या दूतावासाला कळवण्याची मागणी करता येते, तो आंतरराष्ट्रीय कराराने दिलेला हक्क आहे.

आणि व्हिसाच्या अर्जात खरं लिहा. अटक झाली होती का, असा प्रश्न असतो. केस निघाली तरी उत्तर 'हो' असू शकतं. खोटं उत्तर हा मूळ चाळीस डॉलरपेक्षा फार मोठा गुन्हा आहे.

पुढे काय झालं

त्या रात्री मी तिला एवढंच सांगितलं, "सही करू नकोस. सकाळी माझ्याबरोबर चल." सकाळी आम्ही विद्यापीठाच्या कायदेशीर मदत कार्यालयात गेलो. तिथल्या वकीलबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो चोरीबद्दल नव्हता. "तू नागरिक आहेस का?"

त्यांनी दुकानाचं फुटेज मागवलं. त्यात दिसलं की तिने एकूण एकवीस वस्तू स्कॅन केल्या, एक-दोनदा मशीन अडकलं, कर्मचारी येऊन गेला. चोरी करायची असती तर माणूस एकवीस वस्तूंचे पैसे भरत नाही. बोलणी झाली. कबुली न घेता, एक छोटा कोर्स आणि काही तास समाजसेवा एवढ्यावर सरकारी वकील तयार झाले. पाच महिन्यांनी केस रद्द झाली. 'कबुली न घेता' हे चार-पाच शब्द मिळवायलाच वकील हवा होता.

तिने ते घरी अजून सांगितलेलं नाही. निकालाच्या प्रमाणित प्रतीचे तीन संच तिच्या फोल्डरमध्ये पासपोर्टच्या मागे आहेत. सेल्फ-चेकआउटवर आता ती उभी राहत नाही, कॅशियरच्या रांगेत वीस मिनिटं थांबते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे खरंच. पण चढायची वेळ आलीच, तर शहाण्याने एकट्याने चढू नये.